मयेकरकाका ‘ये’ म्हणत नाहीत

मयेकरांचा विंडसॉक मी फाडला आणि त्यातल्या मोठ्या तुकड्याने माझी स्कूटर पुसली, इथून आमची ओळख सुरू झाली.

माझी बाजू थोडक्यात मांडतो. कोपरखैरण्याच्या त्या इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. रविवारी सकाळी टीव्हीचा अँटेना फिरवायला गच्चीवर गेलो, तर पाण्याच्या टाकीशेजारी एका उंच पाइपाला भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांची, उन्हाने विटलेली कापडाची लांब नळी लोंबत होती. सर्कशीतल्या विदूषकाने पायजम्याचा एक पाय वाळत घालावा आणि उरलेला घालून कामावर जावं, असं ते दृश्य. त्या दिवशी वारा पडला होता. वारा असता तर ती नळी फुगून आडवी झाली असती आणि माझ्यासारख्यालाही काहीतरी उमगलं असतं. मी ती खाली ओढली. कापड इतकं जीर्ण की उभंच्या उभं फाटत गेलं. जुनं कापड फाटताना जो आवाज होतो तो ऐकून, खोटं कशाला सांगू, मला बरंही वाटलं.

खाली स्कूटर पुसत होतो तेव्हा जिन्यातून आवाज आला, “पहिला मजला, खाली येतोय, हातात पिशवी.” मागोमाग एक किडकिडीत, साठीचे गृहस्थ आले. शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. ते थांबले. माझ्याकडे न बघता माझ्या हातातल्या फडक्याकडे बघत म्हणाले, “वारा कुठला आहे?”

“कुठला म्हणजे?”

“म्हणजे कुठून येतोय.”

“काही कल्पना नाही बुवा.”

“आता कोणालाच नाही,” ते म्हणाले. दोन्ही तुकडे त्यांनी माझ्याकडून घेतले, शर्टाची घडी घालावी तशी त्यांची घडी घातली आणि बाजाराला जायचं सोडून परत वर गेले.

मी काय करून बसलो होतो ते मला तळमजल्याच्या गोजराबाईंनी समजावलं. समजावलं म्हणजे साऱ्या सेक्टरला ऐकू जाईल असं समजावलं. आमच्या पूर्वेला पावण्याचे कारखाने. तिकडून वारा आला की असा काही वास येतो की दोरीवरची साडी दोन दिवस नेसवत नाही. गच्चीवरच्या त्या ‘पायजम्याचं’ तोंड पावण्याकडे असलं की बायका कपडे आत वाळत घालत, खाडीकडे असलं की बाहेर. दोन वर्षं सगळी इमारत त्या नळीवर चालत होती आणि मी तिने स्कूटर पुसली होती. “नवीन हाय म्हून सोडलं तुमाला,” गोजराबाई म्हणाल्या. माझी बायको सुनीती सोडायला तयार नव्हती. तिने आपलं शिवणयंत्र माझ्या खांद्यावर दिलं आणि मला तिसऱ्या मजल्यावर माफी मागायला पाठवलं.

मयेकरांनी माफी ऐकून घेतली, यंत्र ठेवून घेतलं आणि शिवायला मात्र मला हात लावू दिला नाही. तोंडाकडे रुंद, शेपटीकडे निमुळतं, अशी ती नळी जोडत ते बसले, आणि शिवता शिवता बोलायला लागले. मागाहून कळलं की इमारतीत त्यांचं इतकं बोलणं कोणी ऐकलं नव्हतं. कोणी फार वेळ बसलंच नव्हतं त्यांच्याकडे.

दिनानाथ मयेकर मूळचे मालवणकडचे. तरुणपणी बोटीवर वायरलेस शिकले. बोट मानवेना, म्हणून घरी आले, आणि एका खाणवाल्या कंपनीने त्यांना सातवेलीच्या सड्यावर नोकरी दिली. सडा म्हणजे आमच्या कोकणातलं कातळाचं माळरान. पावसाळ्यात गवत, एरवी नुसता जांभा. कंपनीच्या मालकांना मुंबईहून मोटारीने येताना कंबर मोडायची, म्हणून त्यांनी तिथे छोट्या विमानासाठी धावपट्टी बांधली. धावपट्टी, एक पत्र्याची खोली, खोलीत रेडिओ, बाहेर खांबावर वारा दाखवणारा हाच विंडसॉक. विमानतळ संपला. सिनेमात दिसतो तसा काचेचा मनोरा, त्यात बसून विमानांना हुकूम सोडणारे लोक, हे काही नाही. तिथे सगळं मिळून मयेकर होते.

मनोरा नसलेल्या ठिकाणी विमान उतरतं कसं, हे मी त्यांना त्या दिवशी विचारलं. तोवर मला वाटायचं, वरचा माणूस विचारतो आणि खालचा हो म्हणतो. मयेकर म्हणाले, तिथे हो म्हणणारा कोणी नसतो. वैमानिक लांबूनच बोलायला लागतो: सातवेलीच्या आसपास जे कोणी असतील त्यांनी ऐका, मी उत्तरेकडून येतोय, इतक्या उंचीवर आहे, डावीकडून फेरी घेऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरणार आहे. प्रत्येक वळणावर पुन्हा सांगतो. कोणाला सांगतो? जो कोणी असेल त्याला. बहुतेक वेळा कोणीच नसतं. तरी सांगतो, कारण न दिसणारं दुसरं विमान एखाद्या वेळी असतंच, आणि ते न बोलणारं निघालं तर दोघांची गाठ नको तिथे पडते.

“आणि तुम्ही काय सांगायचं?”

मयेकरांनी यंत्राचं चाक हाताने थांबवलं. “खाली काय आहे ते. वारा कुठला, किती. पट्टी ओली की सुकी. आणखी कोणाचा आवाज ऐकलाय का. गुरं आहेत का.”

गुरं कायम असत. यशोदाबाई नावाच्या एका म्हातारीची म्हैस तर धावपट्टी आपल्यासाठीच बांधली आहे अशा समजुतीने मधोमध रवंथ करी. मयेकर मालवणी वळणाच्या इंग्रजीत आकाशाला कळवत, की पट्टीवर एक म्हैस आहे, बसलेली आहे, उठण्याचा विचार दिसत नाही. मग तांबडं फडकं घेऊन धावत. यशोदाबाई लांबून ओरडे, “मेल्या, तुझ्या इमानाक सांग वायच थांबाक.” आणि विमान खरोखरच एक फेरी जास्त मारी.

पण ‘उतर’ म्हणायचं नाही, हा तिथला कायदा. ‘उतरू नको’ हेही म्हणायचं नाही. नोकरीवर घेणाऱ्या साहेबाने पहिल्याच दिवशी त्यांना बजावलं होतं: आपण मनोरा नाही. वरच्याला जे दिसतं ते तुला दिसत नाही, आणि तू ये म्हणालास की तो बघायचं सोडून देतो. खाली जे आहे ते सगळं सांगायचं आणि गप्प बसायचं. यायचं की नाही ते त्याचं तो बघेल.

मयेकरांनी हे वीस-बावीस वर्षं पाळलं. हंगामात आठवड्याला दोन-तीन विमानं, पावसाळ्यात तीही नाहीत. बाकी वेळ रेडिओ चालू ठेवून त्याची खरखर ऐकत बसायचं. बायको सगुणा आणि मुलगी प्राची खाली गावात, सड्यावर हे एकटे. त्यांना कितीतरी वैमानिक आवाजावरून ओळखता येत, पण त्यांतल्या निम्म्यांचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते वरच्या वर जाणारे. कोणीतरी अर्धवट तुटका आवाज देई आणि मग काही ऐकू येत नसे. अशा वेळी वैमानिकाचं ऐकायचं यंत्र बंद आहे की बोलायचं, हे खाली कळत नाही. मग मयेकर मधून मधून वारा सांगत राहत. सातवेली, वारा पश्चिमेचा, पट्टी मोकळी. उत्तर नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच. संध्याकाळी दुसऱ्या कुठल्यातरी गावी ते विमान उतरून चहा पीत असायचं, आणि मयेकर सड्यावर उभे राहून रिकाम्या आभाळाला वारा सांगत असायचे.

पुढे कंपनीने विमान विकलं. मयेकर पत्र्याच्या खोलीला कुलूप लावून, विंडसॉक काखोटीला मारून इकडे आले. सिडकोच्या सोडतीत एका खोलीचं घर लागलं होतं. सगुणाबाईंना नव्या घराचं फार कौतुक होतं. पहिल्या दिवाळीला त्यांनी दाराला तोरण केलं, दुसऱ्या दिवाळीला त्या नव्हत्या. प्राची तोवर बँकेत लागून इंदूरला गेली होती. मयेकर उरले, आणि रेडिओही नव्हता.

माणसाचं काम सुटतं, पण सवय त्याला सोडत नाही. जिन्यातला दिवा आमच्या इमारतीत लावल्याच्या दुसऱ्या दिवशी जातो. तेव्हा अंधाऱ्या वळणावर कोणाशी टक्कर नको म्हणून मयेकर स्वतःची खबर देत चढत-उतरत. “दुसरा मजला, वर येतोय, हातात दूध.” आधी पोरं नक्कल करून हसायची. मग एकदा सेक्रेटरी श्यामसुंदर आणि गोजराबाईंचा पाण्याचा हंडा यांची वळणावर भेट झाली, आणि तेव्हापासून सेक्रेटरीही खाकरून मजला सांगायला लागले. असं करत करत अख्खा जिना बोलका झाला. मयेकरांच्या मजल्यावर मात्र फारसं कोणी चढत नसे, त्यामुळे तिसऱ्या मजल्याची खबर ते एकटेच देत.

सल्ला विचारायची सोय नव्हती. त्या सुमारास पनवेलच्या बाजूला मोठा विमानतळ होणार अशी कुजबुज सुरू झाली होती. मयेकर म्हणजे आमच्यात विमानखात्याचे जाणकार, म्हणून श्यामसुंदर त्यांना गाठून म्हणाले, “काका, जुईनगरला एक फ्लॅट बघितलाय. घेऊन टाकू का? पुढे भाव वाढेल ना?” मयेकर रविवारी उठून जुईनगरला जाऊन आले आणि म्हणाले, “पाणी सकाळी येतं. मागे नाला आहे. तिसऱ्या मजल्यापर्यंत डास. स्टेशन चालत जवळ. कागद मी बघितले नाहीत.”

“ते झालं हो. घेऊ का?”

“ते तुम्ही बघा.”

श्यामसुंदर माझ्याकडे येऊन म्हणाले, या माणसाला विचारणं म्हणजे फुकटचं टेन्शन. पण त्यांनी नाल्याचं ऐकून फ्लॅट सोडला, हेही खरं.

आता फोनाचं सांगतो. इमारतीत फोन आमच्याकडे एकट्याकडे होता, आणि सगळ्यांच्या पत्रिकांवर आमचाच नंबर पुढे पी. पी., म्हणजे ‘शेजाऱ्यांमार्फत’, लावून छापलेला असे. कोणाचं बाळंतपण, कोणाची मुलाखत, सगळं आमच्या बैठकीत उभं राहून उरके. प्राचीचा फोन रविवारी सकाळी येई. मी जिन्यात तोंड घालून हाक मारली की वरून “तिसरा मजला, खाली येतोय,” आणि मयेकर इस्त्रीचा शर्ट घालून हजर. फोनवर ते ताठ उभे राहत. एक वाक्य बोलत आणि थांबत. समोरून पूर्ण झालं अशी खात्री पटली की पुढचं वाक्य. त्या मोकळ्या जागांत एकमेकांना विचारण्यासारखं पुष्कळ बसलं असतं. त्या दोघांचं तिथे काहीच बसत नसे.

त्या मार्चमध्ये प्राचीने विचारलं, आणि फोनातून तिचा आवाज असा खणखणीत येई की आम्हाला न ऐकणं शक्य नव्हतं. बँक तिला वाशीच्या शाखेत बदली देत होती. हवी असेल तर महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा; नंतर पुन्हा कधी संधी येईल ते बँकच जाणे. इंदूरला तिची चांगली खोली होती, मैत्रिणी होत्या, शाखेतही बरं चाललेलं. “बाबा, घेऊ का बदली? येऊ का तुमच्याकडे राहायला?”

मी आणि सुनीती वर्तमानपत्राच्या एकाच पानात डोकं घालून बसलो होतो.

“इकडे हवा ठीक,” मयेकर म्हणाले. थांबले. “सकाळी पावण्याचा वास येतो, नऊनंतर जातो.” थांबले. “खोली एकच. पाणी दोन वेळा. वाशीची बस समोरून मिळते, उभं राहावं लागतं.”

“बाकी तू बघ,” मयेकर म्हणाले.

“बरं,” प्राची म्हणाली, आणि फोन ठेवला.

सुनीतीने वर्तमानपत्र खाली टाकलं. तिने मयेकरांना बसवलं, चहा दिला आणि चहाबरोबर फैलावर घेतलं. पोरगी विचारते येऊ का, आणि तुम्ही तिला बसमध्ये जागा नाही म्हणून सांगता? तुम्हाला ती यायला नको आहे का? मयेकर कपाकडे बघत बसले. नको कसं असेल, म्हणाले. ती इंदूरला निघाली तेव्हाही तिने असंच विचारलं होतं, जाऊ ना म्हणून. आणि आपण गाडीची वेळ, तिथली थंडी आणि पगार सांगितला. नको जाऊ, हे ऐकायला ती ट्रंक भरायची थांबून उभी होती, हे गाडी सुटल्यावर सगुणाने सांगितलं.

“मग आता तरी ‘ये’ म्हणा,” सुनीती म्हणाली. “एक अक्षर आहे काका.”

तेव्हा मयेकरांनी जन्मात एकदाच उच्चारलेल्या त्या अक्षराची गोष्ट सांगितली.

थंडीचे दिवस होते. सड्यावर सकाळचं धुकं. आठवडाभर एकही विमान आलं नव्हतं. यशोदाबाईसुद्धा लेकीकडे गेलेली, म्हैस घेऊन. मयेकर आठ दिवसांत माणसाशी एक शब्द बोलले नव्हते. तेवढ्यात आशुतोष नावाच्या तरुण वैमानिकाचा आवाज आला. हसरा पोरगा. उतरला की खोलीत येऊन चहा पिणारा, गप्पा मारणारा तोच एक. त्याने दोन फेऱ्या मारल्या. मयेकरांनी वारा सांगितला, धुकं सांगितलं. तो म्हणाला, मयेकर, ते कळलं, पण येऊ का सांगा. नाहीतर परत जातो.

“परत जातो म्हणाला,” मयेकर म्हणाले, “आणि माझ्या तोंडून गेलं, ये.”

विमान उतरलं. सुंदर उतरलं. धावत जाऊन थांबलं, आणि त्याच्या नाकासमोर, हात लांब केला तर पोचेल इतक्यावर, पेंढ्याने भरलेली बैलगाडी उभी होती. धुक्यात कोणीतरी आडवाटेने पट्टीवर घातलेली. कोणाला खरचटलंही नाही. आशुतोष हसत उतरला, खोलीत आला, चहा मागितला. वरून नीट बघितलं नव्हतंस काय, असं मयेकरांनी विचारलं, तर म्हणाला, तुम्ही ये म्हणालात, मग मी कशाला बघतोय.

“कप माझ्या हातात राहीना,” मयेकर म्हणाले. “त्याला वाटलं थंडी. मी पट्टी बघून ये म्हटलं नव्हतं. मला बोलायला माणूस हवं होतं, म्हणून म्हटलं.”

सुनीतीने त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

“आता प्राचीला ये म्हणेन ते कोणाकरता म्हणेन? ती येईल. मी म्हटलं म्हणून येईल, बघणार नाही. आणि मग या एका खोलीत म्हाताऱ्या बापाबरोबर...” त्यांनी कप खाली ठेवला. “नको. तिचं तिने बघू दे.”

ते गेले. वर दार लागल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर काहीच नाही. सुनीती म्हणाली, या घरात रेडिओ तरी लावायला हवा यांनी. त्यांच्याकडे ट्रान्झिस्टर होता खरं तर. पण त्यावर नुसती गाणी-बातम्या लागतात, त्याला उलट उत्तर देता येत नाही, म्हणून तो ते लावत नसत.

त्यानंतरच्या रविवारी फोन आला नाही. मयेकर इस्त्रीच्या शर्टात वरच्या कठड्याशी उभे होते, मी हाक मारली नाही तसे दुपारी आत गेले. मधल्या दिवसांत ते रोज सकाळी गच्चीवर जाऊन आमच्या यंत्रावर शिवलेल्या विंडसॉककडे बघत, आणि खाली उतरताना बायकांना वारा सांगत. भाजीवाल्याकडे एकदा माझ्यासमोर त्यांनी दोन जुड्या मेथी घेतली आणि मग एक परत ठेवली. महिना संपत आला.

शेवटच्या आठवड्यात, मयेकर बाजारात गेले असताना, फोन वाजला. मी उचलला. प्राची होती. बाबा घरात नाहीत म्हटल्यावर म्हणाली, राहू दे काका, काही विशेष नाही. उद्या बँकेला कळवायचंय, मी इथेच राहीन म्हणते.

आता मी कसा माणूस आहे हे तुम्ही स्कूटरीपासून बघताय. समोर काय लोंबतंय याची चौकशी न करता ओढण्याचा माझा स्वभाव. मी म्हणालो, “अगं, बाबांनीच निरोप ठेवलाय तुझ्यासाठी. ये म्हणालेत.”

पलीकडे प्राची हसली, पण ते हसू काही चांगलं नव्हतं.

“काका, माझे बाबा असं म्हणणार नाहीत.”

मी सारवासारव करायला लागलो. तिने मला मध्येच थांबवलं. “आणि मला ‘ये’ नकोच आहे हो. मी माझं बघू शकते. पण ते मला पाण्याची वेळ सांगतात, बसची गर्दी सांगतात. आई गेल्यावर ते कसे राहतात, जेवतात का, बोलतात कोणाशी, हे मला कोणी सांगत नाही. त्या घरात माझा बाप आहे की नाही हेच मला कळत नाही. मग मी कशाच्या आधारावर ठरवू?”

मयेकर आल्यावर मी त्यांना जिन्यातच गाठलं आणि सगळं सांगितलं, माझ्या खोट्यासकट. माझं खोटं ऐकल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की विंडसॉक फाडला तेव्हाचा चेहरा मला मायेचा वाटला. “माझ्या नावाने तुम्ही बोललात?” एवढंच म्हणाले. त्यांच्या धंद्यात याहून मोठं पाप नसावं. ते दोन पायऱ्या चढले. तिथे थांबले. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, “काय म्हणाली ती? कशाच्या आधारावर?”

मी तिचं बोलणं जसंच्या तसं पुन्हा सांगितलं.

मयेकर कठड्याला धरून उभे राहिले. खालून कोणी “पहिला मजला, वर येतोय” म्हणत आला आणि आम्हाला वळसा घालून गेला, तरी ते हलले नाहीत. मग आपल्याशीच म्हणाले, “म्हणजे मी खालचं सगळं सांगितलंच नाही.”

आमच्या फोनवरून बाहेरगावी लागत नसे; बिलाच्या भीतीने मी ती सोय घेतलीच नव्हती. मयेकरांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि तसेच नाक्यावरच्या एसटीडी बूथकडे निघाले. मी मागून गेलो. संध्याकाळ होत होती, रिक्षा, केळीवाले, दूध घ्यायला निघालेली माणसं. मयेकर सगळ्यांतून वाट काढत सरळ जात होते, आणि त्यांना कोणीही नमस्कार केला नाही. त्यांना तिथे कोणी ओळखतच नव्हतं.

बूथची काचेची खोली एका माणसाची. दार पूर्ण लागत नव्हतं. प्राचीच्या घरमालकिणीने तिला बोलावून आणेपर्यंत मयेकर समोरच्या मीटरचे लाल आकडे पळताना बघत ताठ उभे होते.

“प्राची, बाबा बोलतोय. इथली स्थिती सांगतो. आधी सगळं ऐकून घे, मग तू बोल.”

ते थांबले. पलीकडून हो आलं असावं.

“वारा पश्चिमेचा. पाणी, बस तुला सांगितलंय. ते बदललेलं नाही.” थांबले. “घरात माणूस एक. भात अजून दोघांचा लावतो. हात तसाच पडतो. निम्मा सकाळी कावळ्यांना घालतो.” या वेळी ते जास्त थांबले. “उजवा गुडघा धरतो. सहा महिने झाले. ते सांगितलं नव्हतं. संध्याकाळी दिवा लावला की मग सकाळपर्यंत कोणाशी बोलणं होत नाही. जिन्यात बोलतो तेवढंच. परवा तिसरा मजला म्हणालो, तर लक्षात आलं, वर कोणी नाही, खाली कोणी नाही.”

बूथवाल्याने गल्ल्यातून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

“तुझी ट्रंक कॉटखाली आहे, ती मधून मधून पुसतो. आईच्या वस्तूंना हात लावलेला नाही, मला जमत नाही.” त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला. “आणि माझ्या मनात तू इकडे यावंस असं आहे. गेलीस तेव्हाही तू जाऊ नयेस असं होतं. तेही इथल्या स्थितीतच धर. त्याला जास्त वजन देऊ नको, पण ते आहे. एवढंच. खाली जे आहे ते सगळं सांगितलं. आता तू बघ.”

मग ते ऐकत राहिले. काय ऐकत होते कोण जाणे. पलीकडची बोलत होती की नुसती होती, ते मला काचेबाहेरून कळायला मार्ग नव्हता. मीटर पळत होता. मयेकरांनी एकदा मान हलवली, फोनवर दिसत नाही हे विसरून. मग “बरं” म्हणाले आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी जागेवर ठेवला.

परत येताना त्यांनी माझ्याकडून पिशवी मागून घेतली. रस्ता ओलांडताना इकडे बघितलं, तिकडे बघितलं, माझा दंड धरला, सोडला. कोपऱ्यावरचा चहावाला गेला, पिठाची गिरणी गेली. मला इतका वेळ गप्प राहायची सवय नाही. इमारतीच्या फाटकाशी आल्यावर मला राहवेना.

“काका, काय म्हणाली? येणार ना ती?”

मयेकर थांबले आणि त्या दिवसात पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून म्हणाले, “तिचं ती कळवेल, तुम्ही उद्या सकाळी तुमचा फोन तेवढा मोकळा ठेवा.”